खांद्यावरची थाप

१

कन्याकुमारीचं तिसऱ्यांदा ठरत होतं.

पहिल्या वेळी निघायच्या आदल्या दिवशी जान्हवीला ताप भरला होता. चांगला खराखुरा, थर्मामीटरमध्ये दिसणारा. दुसऱ्या वेळी बॅगा बांधून झाल्या होत्या, हेल्मेटचा पट्टाही लागला होता, आणि जिना उतरता उतरता ती मटकन पायरीवर बसली. श्वास पुरेना. कौस्तुभने एक शब्द न बोलता बॅगा सोडल्या, वर आणल्या आणि चहा टाकला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं. त्याने फक्त आलं जरा जास्त किसलं होतं.

म्हणून या वेळी विषय तिनेच काढला.

"दिवाळी झाली की जाऊ या. आणि या वेळी मी नको म्हणाले ना, तरी ऐकू नकोस."

"मग काय, बांधून नेऊ?"

"ने."

दोघंही अकोल्याकडची, दोघंही हिंजवडीत नोकरीला, लग्नाला दोन वर्षं झालेली. राहायला सूस गावठाणात, रंभाबाईंच्या घरावर चढवलेल्या दोन खोल्यांत. चहूकडे सोसायट्यांचे मनोरे, आणि मध्ये कुणीतरी उचलायचं विसरल्यासारखं हे घर. पदरी एक स्कूटर होती, पण तिला पिरंगुटचा चढसुद्धा दम लावायचा. तेव्हा शैलेशच्या दुकानातून महिन्याच्या बोलीने एक काळी बुलेट भाड्याने आणली. शैलेश म्हणजे कौस्तुभच्या ओळखीचा. गाड्या भाड्याने द्यायचा आणि प्रत्येक गाडीबद्दल मुलीचं स्थळ सांगितल्यासारखं बोलायचा.

"वहिनी, शांत स्वभावाची गाडी आहे. तुम्ही फक्त मागे बसायचं."

"तेच तर जमत नाही," जान्हवी म्हणाली.

संध्याकाळी गॅलरीत नकाशा पसरून बसायचं हा त्यांचा नवा उद्योग झाला. कौस्तुभ निळ्या पेनाने मासे चांगले मिळणाऱ्या खानावळींवर टिंबं द्यायचा, जान्हवी लाल पेनाने दवाखान्यांवर. एका ठिकाणी किनाऱ्याचा बराच मोठा तुकडा लाल टिंबाशिवाय राहिला, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"इथे काय करायचं?"

"इथे पडायचं नाही," कौस्तुभ म्हणाला. "पुढे गेल्यावर पडू."

हेल्मेटमधून बोललेलं ऐकू जायचं नाही, आणि कानात बसवायची यंत्रं तिला नको होती. चालवताना त्याचं लक्ष जाईल म्हणून. मग तिने खुणा ठरवल्या. त्याच्या खांद्यावर एक थाप म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मजेत आहे, चालू दे.

"ती तिसरी खूण कधी वापरणार तू?"

"कन्याकुमारीला पोचल्यावर."

"आणि उगाच थापा मारल्यास तर?"

"थापा तू मारतोस. मी थाप मारते. फरक आहे."

२

सरावाचा पहिला रविवार. लवळ्यावरून पिरंगुट, मग मुठा, टेमघर, आणि घाट चढून लवासा. घाटात तिने कौस्तुभच्या खांद्यावर इतक्या वेळा एकेक थाप मारली, की वर पोचल्यावर त्याने तो खांदा दाबत लंगडल्यासारखं केलं. "खांद्याने कुणी लंगडतं का?" म्हणून ती हसली. ती हसली याचंच त्याला केवढं वाटलं. तसं तो बोलला नाही, पण दोन वर्षांत असं न बोललेलं तिला ऐकू यायला लागलं होतं.

तळ्याकाठच्या रंगीत घरांपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. ती मागे टाकून ते तसेच पुढे गेले. रस्ता अरुंद झाला, गवत कमरेएवढं झालं, आणि एका वळणावर अर्धवट राहिलेली एक इमारत लागली. चार मजले, खिडक्यांच्या जागी नुसती चौकोनी भोकं. समोर ऐसपैस सावली होती. पायऱ्यांवर बसून त्यांनी मेथीचे पराठे खाल्ले. मग जान्हवी म्हणाली, "मी जरा आत जाऊन येते."

बाईमाणसाची अडचण, आडोसा हवाच होता. कौस्तुभ पाठ करून बसला आणि तिला धीर यावा म्हणून मोठमोठ्याने शीळ घालायला लागला.

आत सगळा सिमेंटचा सांगाडा होता. एकच खोली, अगदी आतली, पुरी झालेली. फरशी होती, बटणांच्या पाट्या होत्या, भिंतीला फिकट पिवळा रंगसुद्धा. बाकीचं घर येईल म्हणून ती वाट बघत बसल्यासारखी वाटली. जान्हवीने तिथेच आडोसा धरला. कपडे सारखे करत असताना वरून आवाज आला.

थप.

मग थोडं थांबून, पुन्हा थप. कुणीतरी बसून निवांत भाकरी थापावी तसा.

प्लॅस्टिकचा कागद असणार. बांधकामावर असतोच कुठे ना कुठे, वाऱ्याने आपटतो. तिने स्वतःला हे नीट समजावलं. मग तिचं लक्ष खिडकीच्या भोकाबाहेर गेलं. बाहेर गवताचं एक पातं हलत नव्हतं.

घाबरली की जान्हवीला स्वतःचा आवाज ऐकावासा वाटायचा. आणि तोंडात आला तो नेहमीचाच शब्द. तिच्या आईचीही ही सवय. भाजी निवडून झाली, चला. पाहुण्यांकडून उठायचं, चला. ऑफिसात एकटी असली, तरी लॅपटॉप मिटताना, चला. मराठी माणूस कुठूनही उठतो तो हे म्हणूनच. ते कुणाला म्हणतो, हे कोण बघतं?

"चला!" ती मोठ्याने म्हणाली.

जिन्यात तो शब्द वरपर्यंत घुमत गेला. आणि वरची थाप थांबली.

बाहेर कौस्तुभची शीळ चालूच होती. ती जवळजवळ पळतच आली.

"कुणाला आणलंस बरोबर?" तो म्हणाला. "मला तर चल म्हणतेस."

"गप रे. निघ."

घाट उतरताना, चांगला सरळ रस्ता असताना, कौस्तुभने गाडी एकदम कडेला घेतली आणि हेल्मेटची काच वर केली.

"काय झालं?"

"काय झालं?" तिने विचारलं. "थांबलास का?"

"दोनदा मारलीस ना थाप."

"मी नाही मारली."

"जान्हवी, थापा नकोत हं."

"अरे खरंच नाही! माझे दोन्ही हात मागच्या दांडीला होते."

तो हसला, मानेनेच 'बरं' म्हणाला आणि गाडी काढली. तिला मागच्या दांडीवरून हात काढून त्याला धरावंसं वाटलं. तिने धरलं. मग वाटलं, आता दांडी मोकळी आहे. का वाटलं, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नाही.

३

रंभाबाईंच्या घराचा बोळ अरुंद. गाडी आत लावली की मागच्या माणसाची पायदानं मिटून ठेवावी लागत, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाला लागत. कौस्तुभ ती न चुकता आत घालायचा.

सोमवारी सकाळी खालून हाक आली.

"ये कौस्तुभ! आरं, त्ये पायदान आत घालायला काय व्हतं तुला? नडगी फुटली माजी!"

"घातलं होतं हो मावशी!"

"घातलं व्हतं तर ह्ये काय मी उघडून आदळून घेतलं व्हय?"

तो खाली जाऊन घालून आला. मंगळवारी सकाळी पुन्हा उघडी, दोन्हीही. "स्प्रिंग ढिली झाली असेल," तो म्हणाला आणि शैलेशला फोन केला. शैलेश संध्याकाळी येऊन बघून गेला. स्प्रिंग इतकी कडक होती, की पायदान उघडताना त्याच्याच अंगठ्याला खरचटलं. "माणसानं जोर लावल्याशिवाय उघडत नाही ही," तो अंगठा चोखत म्हणाला. "शाळेची पोरं असतील."

बोळाच्या तोंडाला लोखंडी दार होतं आणि रात्री त्याला रंभाबाईंचं कुलूप असायचं.

बुधवारी जान्हवीचं काम घरूनच होतं. दुपारी रंभाबाईंकडे ताक प्यायला खाली गेली. म्हातारीच्या जमिनीवर आता मनोरे उभे होते, तरी ती अंगणात बसून पावट्याच्या शेंगा सोलायची. सुना विकतच्या आणतात म्हणून त्यांना बोलही लावायची. जान्हवी तिच्याबरोबर सोलायला बसली. शेंगा संपल्या. टरफलं झटकून जान्हवी उठली.

"चला."

"कुनाला म्हंतीस?" रंभाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"कुणाला नाही हो. सवय आहे."

"न्हाई, नवऱ्याला तू 'चल' म्हंतीस. मला म्हंतीस 'येते मावशी'. मग ह्ये 'चला' कुनाला? इतक्या मानानं कुनाला बोलावतीस?"

जान्हवीला हसू आलं. मग ते ओठावरच राहिलं. तिने, कसं कोण जाणे, त्या इमारतीतलं सगळं सांगून टाकलं. थप थप, न हललेलं गवत, आणि जिन्यात घुमलेला शब्द. दोनदा न मारलेली थापही सांगितली.

रंभाबाईंचे हात थांबले. "मोकळ्या घरात म्हनलीस? बया!"

"म्हणजे? काय होतं त्याने?"

"काय न्हाई व्हत." म्हातारीने सूप उचललं आणि उठली. "आपन बोलावलं आन कोन आलं, तर त्येची काय चूक? बस म्हनायचं. दुसरं काय?"

"मावशी, घाबरवू नका ना."

"तुला घाबरवाया लागतं व्हय? तू उंदराच्या सावलीला बी भितीस." आणि दारातून वळून, अगदी सहज, "पायदान आता ऱ्हाऊ दे उघडं," म्हणाली. "मी बघून चालंन."

४

कौस्तुभला सांगावं की नाही?

जान्हवीने रात्रंदिवस हाच विचार केला. सांगितलं तर तो हसणार नाही, हे तिला माहीत होतं. तो तिच्याकडे बघेल, नकाशाची घडी घालेल आणि म्हणेल, "नसेल जमत तर राहू दे, जान्हू." इतक्या मायेने म्हणेल, की तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. शिवाय तिचा तिच्यावर तरी कुठे विश्वास होता? कुकरच्या शिट्टीला दचकणारी ती. दोनदा श्वास कोंडून घरात बसलेली. हेही त्यातलंच असेल. या खेपेला मनाने ताप काढायच्या ऐवजी थापा काढल्या असतील.

तिने ओठ मिटून बॅगा भरल्या.

दुसऱ्या रविवारी सामानासकट सराव करायचं ठरलं. दोन बॅगा बाजूंना, आणि तिसरी, लांबट, जान्हवीच्या पाठीमागे आडवी. कौस्तुभने ती दोरीने करकचून बांधली. जान्हवीने बसून बघितलं. तिच्या आणि बॅगेच्या मध्ये पोळीसुद्धा सरकली नसती. तिला एकदम हलकं वाटलं. चला, मनात म्हणाली, आणि जीभ चावली.

ते कासारसाईच्या धरणाकडे निघाले. सकाळचं कोवळं ऊन, दोन्हीकडे पिवळं पडत चाललेलं गवत, मधेच पाण्याचा तुकडा चमकायचा. कौस्तुभ चांगला चालवत होता. जान्हवीने दोन्ही हात त्याच्या पोटाभोवती घातले होते, बोटांत बोटं अडकवून. दोन वर्षांत प्रथमच तिला वाटलं, की आपल्यालाही हे आवडू शकेल. तिसरी खूण आत्ताच वापरून टाकावी, म्हणून ती बोटं सोडवणार, तेवढ्यात तिच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर थाप पडली.

एक.

हलकी. अदबशीर म्हणावी अशी. जॅकेटचं कापड दबलं आणि पुन्हा वर आलं.

तिने मागे पाहिलं नाही. मान वळतच नव्हती. डोक्यात फक्त एवढंच होतं, की एक म्हणजे सावकाश. आणि तिने, जशी आली तशीच, ती थाप पुढे कौस्तुभच्या खांद्यावर दिली.

त्याने वेग कमी केला. वळण घेतलं. वळणापलीकडे रस्ताभर म्हशी बसल्या होत्या, काळ्या, निवांत, रवंथ करत. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली.

कौस्तुभने हेल्मेटची काच वर केली.

"तुला कसं कळलं?" कौस्तुभने विचारलं.

"वास आला," जान्हवी म्हणाली.

ही मात्र थापच होती.

५

त्या संध्याकाळी तिने सांगितलं. नकाशा समोर होता, चहा निवत होता. ती बोलत होती आणि कौस्तुभ टिंबांकडे बघत होता. तो हसला नाही. नकाशाची घडीही घातली नाही.

"मला वाटलं, तू म्हणणार जायचं नको," तो अखेर म्हणाला.

"जायचंय. पण दोघांनीच."

"विश्वास ठेवू म्हणतेस?"

"ठेवू नकोस. नुसता बरोबर ये."

"मी बरोबरच आहे," तो म्हणाला. तिच्या कपातल्या चहावर साय आली होती, ती त्याने नेहमीसारखी बोटाने काढून खाल्ली. तिला रडूच आलं.

निघायच्या आदल्या दिवशी दोघांची रजा होती. दुपारचं जेवून, बॅगा न बांधता, ते पुन्हा त्या इमारतीच्या रस्त्याला लागले, बोलावलेल्याला परत पोचवायला. घाटभर मागे कुणी बसलं आहे की नाही, हे जान्हवीला कळत नव्हतं. अंग चोरून कुणी बसलं तर जेवढं कळेल, तेवढंच. एका चढावर कौस्तुभने वेग मंदावून काच वर केली आणि म्हणाला, "आज ओढत का नाही ही?"

इमारतीपुढची सावली तशीच होती. या वेळी दोघं आत गेले, हात धरून. पिवळ्या खोलीच्या दाराशी जान्हवी थांबली. काय म्हणायचं असतं अशा वेळी? पाहुण्याला पोचवायला गेल्यावर माणूस म्हणतो, येतो आम्ही. ते म्हणून चालणार नव्हतं. 'येतो' म्हणजे पुन्हा येतो.

कुणाशी बोलतोय, ते थोर आहे की लहान, बाई आहे की बाप्या, काही ठाऊक नाही. म्हणून तिने अहो-जाहोच केलं.

"तुम्ही... तुम्ही इथंच थांबा. चूक माझी झाली. मला सवय आहे तशी म्हणायची, तुम्हाला म्हटलं नव्हतं." तिने कौस्तुभचा हात आवळला. "आम्ही जातो."

कौस्तुभ दचकला. दोघांच्याही घरी उंबऱ्यावर हा शब्द कुणी कधी उच्चारलेला नव्हता. त्याच्या आईने ऐकला असता, तर निघालेल्या माणसाला परत बसवून गूळ-पाणी दिलं असतं. पिवळ्या खोलीत तो शब्द घुमला नाही. पडला, आणि तिथेच राहिला.

ते बाहेर आले. गाडी सुरू केली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला.

थप.

एकच. जान्हवीने वाट पाहिली. दुसरी आली नाही.

"रुसलंय बहुतेक," कौस्तुभ म्हणाला, हसायचा प्रयत्न करत.

"निघ."

६

गाडी पिसासारखी पळत होती. कौस्तुभला ते कळलं असावं. त्याने मान हलवली, अंगठा वर केला. उताराला वारा भरभरून लागत होता आणि जान्हवीची पाठ उघडी पडली होती. तेच तिला जाणवत राहिलं. पाठ किती मोठी असते माणसाची! वेग वाढतोय, हे तिला दिसत होतं. एरवी तिने आतापर्यंत चार थापा मारल्या असत्या. पण ती खांदा सैल सोडून बसली होती, वाट बघत.

कुणाची, हे वळणावर समजलं. समोरून खडीने भरलेला डंपर रस्त्याच्या मधोमध आला. कौस्तुभने गाडी डावीकडे घातली. चाक मुरमावर घसरलं, आभाळ आडवं झालं, आणि गाडी कठड्याच्या अलीकडे मातीच्या ढिगाला टेकून थांबली. डंपर हॉर्न देत निघून गेला.

दोघंही धड होती. कौस्तुभच्या कोपराला खरचटलं होतं, एवढंच. ती त्याच्या गळ्यात पडली, हेल्मेटवर हेल्मेट आपटलं.

"मी सांगायला हवं होतं," ती म्हणत राहिली. "मी नेहमी सांगते. आज मी वाट बघत बसले रे."

आणि मग तिला कळलं. एक म्हणजे सावकाश. वरच्या मजल्यावरची ती थाप रुसव्याची नव्हती.

कौस्तुभने गाडी ओढून सरळ केली. चाकं पाहिली, ब्रेक दाबून पाहिला, मागची पायदानं सवयीने आत घातली. जान्हवी उडालेला हातमोजा शोधायला गवतात वाकली. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि त्या आवाजातून कौस्तुभचा. झालं गेलं झटकून टाकताना कुणीही म्हणेल तसा.

"चला!"

ती झटकन वळली.

कौस्तुभ गाडीवर बसला होता, तोंड पुढे, हेल्मेटची काच खाली. मागची बैठक रिकामी होती. तिच्या डोळ्यांदेखत डावं पायदान खट् करून उघडलं. मग उजवं. गाडीचा मागचा भाग खाली दबला, ती बसली की दबायचा तेवढाच. कौस्तुभच्या जॅकेटची पोटाजवळची घडी आत गेली. त्याने मान डोलावली, बसलीस ना म्हणतो तशी, आणि गाडी निघाली.

"कौस्तुभ!"

त्याला ऐकू जाणार नव्हतं. ती धावली. हेल्मेटमध्ये तिचाच श्वास भरून राहिला, पाय मुरमावरून सटकत होते. गाडी पुढच्या वळणाशी गेली, उन्हातून सावलीत. बैठकीवर सावलीहून थोडं गडद काहीतरी होतं. किंवा नव्हतं.

आणि मग ब्रेकचा लाल दिवा लागला.

गाडी कडेला थांबली. कौस्तुभ मागे न बघता तसाच बसून राहिला. एकदा थांब म्हटल्यावर तो कधीच घाई करायचा नाही. धापा टाकत ती जवळ पोचली. त्याच्या उजव्या खांद्यावर जॅकेटचं कापड अजून दबलेलं होतं, आणि तिच्यासमोर ते हळूहळू वर आलं.

"काय राहिलं?" काच वर करून त्याने विचारलं. "दोनदा थाप मारलीस."

"हातमोजा," जान्हवी म्हणाली. तो तिच्या हातात होता.

"मिळाला? बस मग."

पुढच्या रस्त्यावर ऊन होतं. मागे रस्ता मोकळा होता, लवासापर्यंत चालत जाता आलं असतं, पळतही. पण त्या गाडीवर कौस्तुभ होता.

बैठक किंचित वर आली आणि मागच्या टोकाला पुन्हा दबली. एस.टी.त कुणी सरकून जागा करून देतं तशी. मध्ये एका माणसापुरती जागा झाली होती.

जान्हवीने हातमोजा घातला. पाय टाकला आणि त्या जागेत बसली. पाठीला गार लागलं, पहाटे दारातल्या पायरीवर टेकल्यासारखं. तिने पुढे सरकून दोन्ही हात कौस्तुभच्या पोटाभोवती घट्ट घातले. आता निदान मध्ये ती होती.

तिच्या खांद्यावर थाप पडली. एक. जरा थांबून दुसरी. ती श्वास धरून राहिली. गाडी धडधडत होती, खाली मुठा खोऱ्यात कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. बऱ्याच वेळाने, कुणी फार विचार करून मारावी तशी, तिसरी पडली. आणि तो हात मग उचलला गेला नाही.

"बसलीस ना नीट?" पुढून कौस्तुभने विचारलं. "निघायचं?"

जान्हवीने मान हलवली. मग, कुणाला म्हणतोय ते जन्मात पहिल्यांदाच पुरतं ठाऊक असताना, म्हणाली, "चला."